सायाळीचा ग्रुप फोटो

आमचे भागवतमामा जळकोटचे लग्नाचे फोटोग्राफर. अठ्ठावीस वर्षांत तालुक्यातला एकही नवरदेव त्यांनी हसवल्याशिवाय सोडलेला नाही. "जरा जवळ सरका, इकडं बघा, हसा!" हे झोपेतसुद्धा त्यांच्या तोंडून येतं, असं मामी सांगते.

यंदा मात्र त्यांच्याच घरातलं हसू पळालं. मामीच्या उन्हाळी भुईमुगाच्या शेंगा रोज रात्री कुणीतरी उकरून खायचं. बांधापलीकडं मामांच्या थोरल्या भावाचं, श्रीमंतमामांचं रान. मामीनं बांधावर उभं राहून त्यांना ऐकू जाईल असं सुनावलं, "घरचेच उंदीर लई माजलेत!" श्रीमंतमामांनी त्या दिवसापासून बोलणं टाकलं.

त्यात अक्षय्यतृतीयेला मामांच्या लेकीचं, पुनमचं लग्न. आमच्याकडं पहिली पत्रिका देवाला आणि दुसरी थोरल्या घरी. ती दुसरी पत्रिका महिनाभर फडताळात पडून राहिली. पुनम रडकुंडीला आली. पहिल्या दिवशी शाळेत ती याच काकांच्या खांद्यावर बसून गेली होती.

"हे जनावराचं काम हाय," मामा म्हणाले. "फुटू काढूनच दाखवतो."

"दाखवा. जनावर निघालं तर मीच जाते पत्रिका घेऊन," मामी म्हणाली.

मामांनी शेंगांच्या कडेला कडब्याच्या पेंढ्या रचून लपण केलं. वरून स्टुडिओतला जुना पडदा घातला, धबधबा आणि दोन हंस रंगवलेला. जळकोटच्या माळावर एप्रिलात एवढं पाणी कुणी पाहिलं नसेल.

आत मामा, मामी, पुनम आणि मी, त्यांचा भाचा. लपायचं म्हणजे गप्प बसायचं, हे आमच्या खानदानाला ठाऊकच नाही. पहिल्या रात्री मामीनं ठेचा-भाकरीचं गाठोडं सोडलं आणि आम्ही चौघं पाळीपाळीनं शिंकलो. दुसऱ्या रात्री मामा घोरले. मला असा राग आला! नांदेडहून सुट्टी टाकून मी काय घोरणं ऐकायला आलो होतो?

तिसऱ्या रात्री खसफस झाली. चांदण्यात काळे-पांढरे काटे हलताना दिसले. सायाळ! चांगली गुबगुबीत, पुढच्या पायांत शेंग धरून कुरुकुरू खात होती. पुनमनं माझा हात इतका दाबला की नखं रुतली. मामांनी कॅमेरा उचलला, नेम धरला, बोट बटणावर नेलं. आणि अठ्ठावीस वर्षांच्या सवयीनं खणखणीत आवाजात म्हणाले,

"इकडं बघा, हसा!"

फ्लॅश उडाला. सायाळ काटे खुळखुळवत पसार झाली. मामीनं कपाळावर हात मारून घेतला. "अवो, जनावराला कुणी अहो-जाहो करतं का?"

मामांनी भीत भीत कॅमेऱ्यात पाहिलं आणि कॅमेरा आमच्यापुढं धरला. आम्ही तिघांनी डोकी खुपसली. फोटोत मधोमध सायाळ, तोंडात शेंग, थेट आमच्याकडं बघत असलेली. आणि तिच्या मागं, बांधापलीकडच्या कडब्याच्या गंजीतून डोकं काढलेले, घोंगडं पांघरलेले, हातात काठी घेतलेले श्रीमंतमामा. नंतर कळलं, शेंगा त्यांच्याही जात होत्या, आणि मामीच चोर समजून ते तिला पकडायला बसले होते. महिनाभर तोंड फिरवून बसलेला माणूस, पण भागवत हसा म्हणाला म्हटल्यावर सगळे दात काढून हसला होता.

पुनम हसता हसता रडायला लागली.

तेवढ्यात बांधापलीकडून आवाज आला, "भागवत, डोळे मिटले का रं माझे?"

मामा पडदा बाजूला सारेपर्यंत मामीनंच डोक्यावरचा पदर सावरला आणि ओरडून सांगितलं, "न्हाई भाऊजी, फुटू लई भारी आलाय. जाऊबाईंना सकाळी च्या ठेवायला सांगा. पत्रिका घेऊन येते."