आधी पाहिलेली गोष्ट

माझं अक्षर वाकडं आहे आणि वेलांट्या चुकतात, तेवढं सांभाळून घ्या. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच.

"पाह्यलं का वाचलं?"

पिक्चर निघालेलं पुस्तक कुणी मागितलं, की वाचनालयाचे काका आधी हे विचारायचे. समोरचा 'पाह्यलं' म्हणाला, की चष्मा कपाळावर सरकवून सांगायचे, "मंग महिनाभर थांबा. नटी डोळ्यातून उतरू द्या." अशा पुस्तकांच्या नव्या प्रतींवर नटनट्यांचे फोटो असतात. काका जुन्या कॅलेंडरचा कागद उलटा करून त्यावर चिकटवायचे. लोक हसायचे. असा एखादा हट्टी म्हातारा तुमच्याही गल्लीत असेल.

वाचनालय जालन्यात मस्तगडला, माडीवर होतं. खाली जिन्यालगतच्या दुकानात मी साड्यांना फॉल-पिको करायचे. उसवलेली पुस्तकं शिवायला काका माझ्याकडून जाड दोरा न्यायचे. पैसे देऊ लागले, की मी नुसती 'नको' अशी मान हलवायचे. बोलायची मला लाज वाटते. ते म्हणायचे, "ताई, तुमच्यापेक्षा तुमची मशीन जास्त बोलते."

एकदा त्यांच्या हातातल्या उसवलेल्या पुस्तकाचं नाव मी वाचलं आणि दोरा तोडायचाच राहिला. तो पिक्चर मी पाहिला होता.

तेव्हा मी जालन्यातलं नवऱ्याचं घर सोडून भोकरदनला माहेरी आले होते. नवरा हात उचलायचा. महिना झाला तसं भावजयीनं एका दुपारी मला मुद्दाम टीव्हीसमोर बसवलं. पिक्चरमधली बाईही मार खाऊन घर सोडते, एसटी स्टँडवर बसून राहते आणि शेवटी परत जाते. नवरा दारात रडत उभा असतो, गाणं लागतं. आम्ही सगळ्याच रडलो. भाऊ म्हणाला, "पाह्य, पुस्तकावरून काढलाय, खोटा न्हाई. शिकलेली बाई गेली ना परत? तू तर चौथी." दुसऱ्या दिवशी त्यानंच मला जालन्याच्या गाडीत बसवलं.

माझ्या दारात कुणी रडत उभं नव्हतं.

काकांना म्हटलं, हे मला वाचायचंय, पण पाह्यलेलं आहे. ते थांबा म्हणायच्या आत मीच सांगितलं, लई वर्षं झाली, नटी उतरली. ते मोठ्यानं हसले. अनामत भरून मी सभासद झाले.

वाचायला मला फार वेळ लागला. बोट ठेवून, गिऱ्हाईक नसलं की दोन पानं. मुदत संपली की काका स्वतः खाली येऊन पुढची तारीख टाकायचे. जाता-येता विचारायचे, "बाई कुठवर आली?" मी सांगायचे, अजून स्वयंपाकघरातच आहे. मग एक दिवस सांगितलं, स्टँडवर आली. त्या दिवशी ते तसेच जिना चढून गेले.

पुस्तकातली बाई परत जात नाही. घराकडची गाडी येते, ती उठत नाही. गाडी निघून जाते. मग ती दुसऱ्याच गाडीत बसते.

मी पुस्तक घेऊन वर गेले. दोघं-तिघं पेपर वाचत बसले होते, तरी मी बोलले.

"काका, ही तर परत गेलीच न्हाई."

"पुस्तकात न्हाईच जात. पिक्चरवाले बदलतात शेवट, ताई. लोकांनी खुशीत घरी जावं म्हणून."

"मी गेले ना घरी," मी म्हणाले.

ते हसायला गेले. मग माझ्या भुवईवरच्या जुन्या खुणेकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसले.

त्यानंतर त्यांनी 'पाह्यलं का वाचलं' हे कुणालाच विचारलं नाही. मागेल त्याला पुस्तक देऊन टाकायचे. पण एखाद्या पुस्तकावर पिक्चर निघणार असं पेपरात आलं, की ते आधी माझ्या मशीनवर आणून ठेवायचे. "पिक्चर यायचाय अजून. तुम्ही आधी वाचून घ्या."

मी वाचायचे आणि संध्याकाळी त्याच घरी जायचे. मला त्यांचा रागही यायचा. एवढं ठाऊक असलेला माणूस माडीवर बसून कॅलेंडरचे कागद चिकटवत राहिला, आणि खाली आम्हाला भाऊ सांगेल तेच खरं. पण त्यांना तरी कोण विचारायला गेलं होतं?

यंदाच्या उन्हाळ्यात काका गेले. पाठोपाठ वाचनालय बंद झालं. पुस्तकं रद्दीवाल्याला द्यायची ठरली आणि सभासदांना अनामत परत घ्यायला बोलावलं. टेबलाशी समितीचे एक गृहस्थ बसले होते. मी म्हटलं, पैसे नको, मला एक पुस्तक द्या. नाव सांगितलं.

"ते व्हय? त्याचा तर पिक्चर आहे की, बाई," ते म्हणाले. "मोबाईलवर फुकट दिसतो. शेवट लई चांगला केलाय."

आणि माझी अनामत त्यांनी माझ्या हातावर ठेवली. पूर्ण. एक रुपयासुद्धा कापला नव्हता.