टीव्हीतले देवीदास

मंगळवारी सकाळी इंदू सिस्टर गेल्या. तेरवी झाल्यावर त्यांच्या मुलाने, महेशने, टीव्हीखालचा खेळाचा डबा काढून माझ्या हातात दिला. यात काय चाललं होतं ते तुम्हालाच माहीत, असं तो म्हणाला. मला माहीत होतं.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. घाटंजी तालुक्यातल्या तांड्यांवर आणि कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, लसींचा डबा घेऊन त्यांनी उभी नोकरी काढली. आमच्या दोघींच्या घरांत भिंत एकच. मी वाचनालयात काम करते, लग्न केलेलं नाही आणि संध्याकाळी पुस्तक घेऊन बसते. या तिन्ही गोष्टी त्यांना दुरुस्त करण्याजोग्या वाटत.

महेशने आधी पुण्याहून मुलीचा जुना, हातात धरायचा खेळ पाठवला. पुढच्या दिवाळीत टीव्हीला जोडायचा डबा आणला. दोन्हींत खेळ एकाच जातीचा. माणसं घडवायची, त्यांना घर द्यायचं आणि जगू द्यायचं. सिस्टरांनी दोन्हींकडे आमची गल्ली वसवली. पहिली मी. चष्मा, वेणी, हातात पुस्तक. दुसरे औषधांच्या दुकानातले विधुर वानखडे. तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून हाक आली.

"मॅडम, तुमचं लगन लावून राह्यली. मंग म्हनसान, सांगितलं नाई."

मी हरकत घेतली. त्यावर त्यांचं म्हणणं, टीव्हीतली मॅडम एवढी खूश आहे, तर बाहेरचीला कायले राग येते? पंधरा दिवसांनी टीव्हीतल्या माझ्या स्वयंपाकघराला आग लागली आणि नवरा शेजारच्या खोलीत घोरत राहिला. ही बातमी त्यांनी मला सांगितली ती सांगितलीच, दुकानात जाऊन वानखड्यांनाही सांगितली. तेव्हापासून ते गृहस्थ मला खोकल्याचं औषध देताना खाली बघतात.

हातातल्या खेळात लग्नाची सोयच नव्हती. तिथे मी एका झाडाखाली उभी असे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात दाखवी. कुणाला भूक लागत नसे, कुणी भांडत नसे, कुणाचं वय वाढत नसे. कुणाचं हरवलेलं काही शोधून दिलं की तो उडी मारून टाळ्या वाजवी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच हरवून बसे. टीव्हीतल्या माणसांना मात्र सगळं लागे. जेवण, झोप, संडास, सोबत. वेळेवर नाही मिळालं तर ती जमिनीवर बसून रडत. हातातला खेळ सिस्टर यवतमाळच्या बसमध्ये खेळत, टीव्हीतला घरी. दोन्हींतला फरक त्या असा सांगत: "हातातलं गाव म्हनजे लगनाचा मांडव. सगये गोड. टीव्हीतलं गाव म्हनजे लगनाचा दुसरा दिवस."

दोन्हींतली माणसं कुठल्याच भाषेत बोलत नसत, नुसते सूर काढत. मी त्याला कंटाळले. सिस्टरांचं काही अडलं नाही. नोकरीत पहिल्यांदा पोडावर गेलती तेव्हा कोलामी मले असंच ऐकू ये, त्या म्हणाल्या, पण कोनाचं पोट दुखते ते हातावरून समजेच न. टीव्हीतल्या माणसांवर रागवायच्या त्या मात्र आपल्या बंजारा गोरबोलीत.

देवीदास म्हणजे त्यांचे यजमान. एसटीत मेकॅनिक होते आणि बेचाळिसाव्या वर्षी कामावरच छातीत कळ येऊन गेले. त्यांनाही सिस्टरांनी खेळात घडवलं आहे हे मला कळलं, तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं की ते हातातल्या खेळात असणार, जिथे कुणी मरत नाही. पुस्तकं वाचणाऱ्यांना अशा गोष्टी आपोआप कळल्यासारख्या वाटतात. एकदा बसमध्ये मी त्या गावात देवीदासांना शोधू लागले. सिस्टरांनी खेळ माझ्या हातातून काढून घेतला.

"तिथं नाई थो," त्या म्हणाल्या. "टीव्हीत हाये. तरना देवीदास म्या पाह्यला, मॅडम. म्हातारा पाहाचा राह्यला."

म्हणजे त्यांना देवीदासांचे केस पिकलेले बघायचे होते. आणि तेच होईना. महिना झाला तरी टीव्हीतले देवीदास बेचाळीसचेच. डबा खराब आहे, असं त्यांनी महेशला फोनवर दोनदा ऐकवलं. शेवटी एका संध्याकाळी मी शेजारी बसून बघितलं. देवीदास जेवले, डबक्यात मासे धरले, त्यांचे दोन दिवस गेले. मग सिस्टर उठल्या, पडद्याकडे बघून "येते" म्हणाल्या आणि भिंतीवरचं बटन बंद केलं.

खेळ थांबवायला आत एक पर्याय असतो, तो त्या का दाबत नाहीत, असं मी विचारलं. फोनवर त्याचं मराठी करून बघितलं होतं, त्या म्हणाल्या. 'जतन करा आणि निघून जा' असं आलं.

"घरच्या मानसाले असं म्हनते का कोनी? आपन 'जाते' नाई म्हनत, 'येते' म्हनतो. अन् हे म्हनते निंघून जा."

मला हसू आवरेना. नवा माणूस किंवा लग्न खेळ आपणहून जतन करी, रोजचे दिवस नाही; त्या बटनामुळे ते दोन दिवस रोज पुसले जात होते आणि सकाळी देवीदास पुन्हा होते तिथेच येत होते. हे मी त्यांना समजावलं. मग सिस्टरांनी पुन्हा डबा लावला, मोठ्याने "येते" म्हणाल्या आणि तो पर्याय दाबला.

पुढे देवीदास भराभर म्हातारे झाले. कानाजवळचा पहिला पांढरा केस बघायला मला वाचनालयातून बोलावून घेतलं. पाठ वाकली तेव्हा त्यांनी शेजारपाजारच्या बायांना दाखवलं. "पाहा, सासऱ्यावानीच वाकला." पहाटे उठून फिरायला जाणाऱ्या त्या चित्राला त्यांनी स्वेटर घातला आणि पुन्हा काढून ठेवतो म्हणून शिव्या दिल्या.

मग सोमवारी संध्याकाळी पडद्यावर सूचना आली. मी वाचून सांगितली. देवीदासांच्या आयुष्याचा आता एक दिवस उरला होता.

इतके दिवस त्यांनी माझी फिरकी घेतली होती. त्या दिवशी मी त्यांना लबाडी शिकवली. आजपासून पुन्हा भिंतीवरचं बटन बंद करा, मी म्हणाले. दिवस पुसला जाईल. ते रोज सकाळी इथेच असतील, पांढऱ्या केसांसकट.

सिस्टरांनी चष्मा काढून पदराला पुसला.

"तुमच्या पुस्तकाचं शेवटचं पान कोनी फाडलं, तं तुमी दंड घेता न?"

घेते, मी म्हणाले.

"मंग मले काहून शिकवून राह्यल्या?"

देवीदास अंगणात खुर्चीवर बसले होते. सिस्टर "येते" म्हणाल्या आणि त्यांनी तोच पर्याय दाबला. उद्याचं उद्या पाहू, असं म्हणून मला चहा दिला. साखर जास्त पडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने हाका मारल्या आणि दार उघडलं नाही.

डबा आता माझ्या कपाटात आहे. मी तो लावलेला नाही. त्यात देवीदास आहेत, म्हातारे, आणि त्यांचा एक दिवस बाकी आहे.