माझं 'नहीं साब'

मी नायब सुभेदार म्हणून रिटायर झालो आणि गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगावला परत आलो. तेव्हा गोंदियाच्या एका कॉलेजातून नेतृत्व शिबिरासाठी बोलावणं आलं. प्राध्यापक म्हणाले, "मुलांना लीडर कसं व्हायचं ते सांगा." मी म्हणालो, "माझी बहुतेक नोकरी दुसऱ्याच्या मागे चालण्यात गेली. त्यावर बोलतो." ते हसले. मी मात्र विनोद करत नव्हतो. तिथे जे सांगितलं तेच इथे लिहितो.

मी हवलदार असताना आमच्या इंजिनिअर कंपनीला तिरोडा तालुक्यात पूर मदतीचा हुकूम आला. इलाका माझा, म्हणून कॅप्टन साहेबांनी मला आपल्या बोटीवर घेतलं. साहेब तरुण होते, हरियाणाचे. इंजिनवर वर्ध्याचा सिपाही सुखदेव होता. पहिले दोन दिवस काम ठरल्यासारखं चाललं : पहाटे पाचला चहा, साडेपाचला बोट पाण्यात, अंधार पडायच्या आत परत. सुखदेव इंजिनला शिव्या देत देत जपायचा.

तिसऱ्या दिवशी, १६१० वाजता, म्हणजे दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, नाल्यापलीकडे एका छतावर सात माणसं अडकल्याची खबर आली. पाणी वाढत होतं. बोट सोडताना फागूभाऊ धावत आले. ते तिथलेच, पिढ्यान् पिढ्या मासेमारी करणारे.

"हवलदार, नाल्याच्या तोंडातून नोका जाऊ. आमचे जाळे बांधून आहेत तिथं, पाण्याखाली. काढाले टाइमच नाही भेटला. इंजनाचा पंखा अडकन. गावामागून जा."

"किती वेळ लागते?"

"अर्धा घंटा जास्त."

तेवढ्यात साहेब आले. "सीधा नाले से निकलेंगे. टाइम नहीं है. कोई शक?"

फौजेत प्रत्येक हुकमानंतर हा प्रश्न येतो. आणि वीस वर्षांत 'हां साब, शक है' असं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. त्या वर्षी माझं नाव प्रमोशनच्या यादीत होतं. अशा वेळी साहेबांना फाटे फोडणारा हवलदार कुणाला आवडतो?

"नहीं साब!" मी म्हणालो. सगळ्यात मोठ्यानं.

नाल्याच्या तोंडाशी इंजिन थांबलं. बोट आडवी झाली. साहेब रेडिओवर बोलले, "बोट फँस गई. करंट तेज है. ओवर." सुखदेव चाकू घेऊन मागे वाकला आणि पंख्यात गुंतलेली जाळी कापू लागला. लाट आली. बोट कलली. तो जाळ्यातच पडला. आम्ही दोघांनी उड्या मारल्या, पण पाणी हाताला काही लागू देईना.

फागूभाऊंनी डोंगा आणून आम्हाला काढलं. छतावरची सातही माणसं त्यांनीच गावामागून आणली. सुखदेव सकाळी सापडला.

चौकशीत साहेब एवढंच म्हणाले, "हुकम मेरा था." मी पुन्हा गप्प बसलो. मला प्रमोशन मिळालं. साहेबांचं अडकलं.

मी युनिट सोडलं त्या दिवशी त्यांना सगळं सांगितलं. ते मग म्हणाले, "एक बार बोल देते, उस्ताद. मैं रुक जाता."

यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

कॉलेजात एका मुलीनं विचारलं, "सर, मंग तुम्ही बोलले काऊन नाही?"

मी खरं तेच सांगितलं. मला होयबा व्हायचं होतं आणि त्याला मी शिस्त म्हणत होतो. लाज वाटते.

मुलीला एक गोष्ट सांगायची राहिली. फागूभाऊंचं बोलणं सुखदेवनंही ऐकलं होतं. मराठी माणूस, त्याला शब्द न् शब्द कळला होता. इंजिनची दोरी ओढण्याआधी त्यानं साहेबांकडे पाहिलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली आणि त्यानं दोरी ओढली.

सिपाही सुखदेव, वय तेवीस. त्या दिवशी तो माझ्या मागे आला होता.