दुपारी बाराची मुदत

ब्रिटनमधल्या एका किनाऱ्यावरच्या गावाचं नशीब अबुधाबीतल्या आमच्या ऑफिसच्या हातात होतं, हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. ते गाव मी पाहिलेलं नाही. तिथल्या कौन्सिलमध्ये निधीचं काम बघणाऱ्या बाई मात्र दोन महिने जवळजवळ रोज व्हिडिओ कॉलवर भेटायच्या. साठीच्या असाव्यात. अंगात कायम तोच राखाडी स्वेटर.

बाईंच्या गावात बोटींची इंजिनं दुरुस्त करायला शिकवणारी एक कार्यशाळा होती. देश युरोपीय संघात होता तोवर तिच्यासाठी संघाकडून निधी यायचा. मागास भाग म्हणून, नियमाने, सलग काही वर्षांसाठी. संघ सोडला आणि ती सोय संपली. आता सरकारकडे अर्ज करा, दुसऱ्या गावांशी झुंजा आणि जिंकलात तर घ्या. हक्काच्या पैशाची चक्क निबंधस्पर्धा करून टाकली होती. असले निबंध लिहायला कौन्सिलकडे माणसं नव्हती, म्हणून त्यांनी एक सल्लागार कंपनी नेमली आणि तिने ते काम आपल्या अबुधाबीच्या ऑफिसात, म्हणजे आमच्याकडे, ढकललं. या फेरीत निधी मिळाला नाही तर कार्यशाळेला कुलूप लागेल आणि आपलीही नोकरी जाईल, हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मार्चअखेरच्या त्या मंगळवारी अर्ज दीड वाजताच तयार होता. मी पाठवायला निघाले, तर आमचे पुण्याचे सर खुर्ची ओढून शेजारी बसले.

“अगं, पोर्टल तिकडच्या बाराला क्लोज होतंय, म्हणजे आपले चार. घाई काय आहे? चार्ट्स जरा प्रेझेंटेबल कर.”

मग निळे आलेख हिरवे झाले. हिरवे आवडले नाहीत म्हणून पुन्हा निळे झाले. मधे सरांनी मागवलेली बिर्याणी आली, तीही सगळ्यांनी निवांत खाल्ली. भिंतीवर लंडनच्या वेळेचं घड्याळ होतं आणि ते आमच्या मागे चार तास इमानदारीत चालत होतं.

तीन वाजून वीस मिनिटांनी मी बटण दाबलं. पडद्यावर आलं की मुदत संपली आहे. सरांनी आधी पोर्टलला शिव्या घातल्या, मग इंटरनेटला. मी फोनवर लंडनची वेळ पाहिली. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. आदल्या रविवारी तिकडच्या लोकांनी दर वर्षीप्रमाणे उन्हाळ्यासाठी घड्याळं एक तास पुढे केली होती. आमच्याकडे भारतात असलं काही नसतं, इथे आखातातही नसतं. ऑफिसात आम्ही अकरा शिकलेली माणसं, आणि एकाच्याही डोक्यात ते आलं नाही.

मी सरांना सगळ्यांसमोर बोलले. रंग बदलण्यात दोन तास घालवलेत, असं मी म्हणाले. ते शांतपणे म्हणाले की मुदतींचा तक्ता कोणाचा आहे ते बघ. तक्ता माझाच होता. त्यात ‘चार’ मीच लिहिलं होतं.

“खलास, आता विषय संपव,” ते म्हणाले. “लास्ट मिनिटला पोर्टल हँग झालं, असा मेल टाक. इन्शाल्ला, नेक्स्ट राउंडला बघू.”

पुढच्या फेरीपर्यंत कार्यशाळा तगणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तो मेल मी रागातच लिहायला घेतला. सरांचा राग होता. स्वतःच्याच गावांना दर वर्षी भीक मागायला लावणाऱ्या त्या सरकारचा होता. पण मेल मी लिहिला, नीट दोनदा वाचला आणि पाठवला.

दुसऱ्या दिवशी बाईंचं उत्तर आलं. चूक बहुधा माझीच आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. शिक्षकांच्या सह्यांचा कागद मी उशिरा पाठवला, त्यामुळे तुम्हाला शेवटच्या क्षणापर्यंत थांबावं लागलं, त्याबद्दल माफ करा. कार्यशाळेतल्या सगळ्यांना मी तसं सांगितलंही आहे.

तो कागद आमच्याकडे शुक्रवारीच आला होता. मी तो उघडून तारीख पाहिली. माझा व्हिसा या नोकरीवर होता आणि मुलीची शाळा त्या व्हिसावर. मी बाईंना लिहिलं, “काही हरकत नाही, असं होतं.”