नखानं केलेली तार

त्या दिवशी आम्ही दोघांनी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड घातले. ज्वारीचा चीक तिनं शिजवला, मी गच्चीवर जुनं धोतर अंथरलं. ती ओल्या कापडावर थापायची, मी ते धोतरावर उलटं टाकायचो. शेवटच्या बिबड्याला ती काहीतरी बोलली, पण शब्द तोंडातच लोळला. चीक खाऊन जीभ जड झाली म्हणून हसलो. पुढं असं जोडीनं काम झालं नाही.

माझी बायको कमल जाऊन चार महिने झाले. रडायला लिहीत नाही. तुमच्या घरी असं माणूस असेल तर कामी येईल म्हणून लिहितो. शिक्षण चौथी, चुकलं तर सांभाळा.

महिनाभरात घास अडकायला लागला, हातातून वाटी पडायला लागली. जळगावला ईएमजी केली. म्हणजे मांसात सुया टोचून नसा बघतात. मी बाहेर बाकावर बसलो होतो. डॉक्टरांनी आत बोलावून सरळ सांगितलं, "मोटर न्यूरॉन डिसीज. अंग हलवणाऱ्या नसा वाळत जातात. औषध नाही. पण आबा, डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं."

ते शेवटचं वाक्य लोक विसरतात. तुम्ही विसरू नका.

वर्षात वाचा गेली, हात गेले. उजव्या हाताचं एक बोट तेवढं राहिलं. घरात येणारे तिच्यासमोरच मला विचारायचे, हिला कळतं का? ती डोळे मिटून घ्यायची.

मी धुळ्यात तारवाला होतो. तीस वर्षं सायकलवर तारा वाटल्या, पण तारयंत्राची कडकट्ट भाषा कधी शिकलो नाही. ते काम तारमास्तरांचं. आमचे नाना तारमास्तर रिटायर होऊन गल्लीतच राहायचे. ते भेटायला आले, तिचं बोट खाटेच्या लोखंडावर हलताना बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, इतकं बोट तर मला नोकरीभर पुरलं."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी. नखाचा ठोका म्हणजे कट्ट, नख ओढलं की कड. दोन्ही मिळून एकेक अक्षर. कमल सातवी शिकलेली, तिला आठवड्यात आलं. मला दीड महिना लागला. मी चुकलो की नाना तिच्याकडं बघून म्हणायचे, "अक्का, हाऊ गडी सायकलवरच बरा व्हता."

काना-मात्रा सोडून दिल्या, बोट दमायचं. रोजच्या गोष्टींना आकडे दिले. शुभेच्छांच्या तारेत आकडा पाठवला की पुढं पूर्ण वाक्य उमटतं, तसंच. एक म्हणजे पाणी, दोन म्हणजे कूस बदला. पाचाला नुसते पाच ठोके, सगळ्यात सोपा आकडा. तो तिनं "गप्प बसा" याला ठेवला. दिवसातून सगळ्यात जास्त तोच यायचा. खरं सांगतो, तिच्या तोंडाला वाचा होती तेव्हा आम्ही एवढं बोललो नसू.

मग छातीत कफ भरला. धुळ्यात दवाखान्यात ठेवलं. तिथले डॉक्टर तरुण, स्वभावानं चांगले. म्हणाले, रायल्स ट्यूब घालू, म्हणजे नाकातून पोटात नळी. पुढं ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे गळ्याला छिद्र पाडून श्वासाचं मशीन. मशीनसाठी मुंबईला न्यावं लागेल. सही करा.

मी म्हटलं, तिला विचारा. ती नखानं सांगते.

ते हळूच म्हणाले, "आबा, तुमचं प्रेम आहे, म्हणून तुम्हाला तसं वाटतं."

मला राग आला. म्हटलं, मी बाहेर जातो, तिच्या कानात काहीही सांगा. व्हरांड्यात उभा राहिलो. त्या दिवशी बोट चाललं नाही, तर पुढचं सगळं दुसरेच ठरवणार होते.

आत आलो. नख लोखंडावर सरकलं. तीन अक्षरं, मध्ये दोनदा थांबली. ख, च, ड.

"साहेब, तुम्ही सकाळी खिचडी खाल्ली."

डॉक्टर स्टुलावर बसले. मग त्यांनी मला नाही, तिला विचारलं. नळीला तिनं हो म्हटलं, मशीनला नाही. वर दोन अक्षरं दिली, घ आणि र.

घरी आणलं. पुढं आठ महिने मिळाले. नळीतून पेज, दुपारी नानांची थट्टा, संध्याकाळी तिच्या नखाची बोलणी. मी सुखात होतो, हे सांगायला लाजत नाही.

एक दिवस तिनं सांगितलं, त र न क. तार नको. मग, त म ज. तुम्ही जा. आमची लेक शोभा साक्रीला दिलेली, आपण गेल्याचं तिला कसं कळवायचं, ते सांगत होती. तारवाला दिसला की बायका आधीच गळा काढतात, म्हणून मी चांगली तार असली की फाटकातूनच ओरडायचो, "चांगली शे!" वाईट असली की सायकल लावून पाणी मागायचो. पाणी आणेपर्यंत माणूस सावरतं. शोभा लहानपणी माझ्या सायकलच्या दांडीवर बसून हे बघत आलेली. मी म्हटलं, असलं काय बोलते? पाच ठोके आले.

दिवेलागणीला गेली. हात माझ्या हातात होता. नाना म्हणाले, तार करू. शेजारी म्हणाले, साक्रीत दुकानावर फोन करू. मी दोन्ही नको म्हटलं.

सकाळी पहिल्या गाडीनं साक्रीला गेलो. शोभा अंगण झाडत होती. मला बघून हसली. मी फाटकाशीच थांबलो.

"माय, पानी भेटी का?"

झाडू हातातच राहिला. ती ओट्यावर बसली. थोड्या वेळानं उठली, आत गेली, तांब्या भरून आणला. मी सगळं पाणी प्यालो. मग तिला घेऊन निघालो.