सगळे चेहरे एका मापाचे

पहिला फटका पाठीत बसला तेव्हा मी खुर्चीवर होतो, आणि दुसरा बसला तेव्हा खुर्ची माझ्यावर होती. मारणारे तिघे होते. तिघांचेही चेहरे मला पाठ होते, कारण आदल्याच दिवशी मी ते फोटोतून कापून एका फ्लेक्सवर बसवले होते. तो फ्लेक्स आता फाटून त्यांच्या हातात होता आणि त्याच्या चौकटीची लाकडी पट्टी माझ्या अंगावर चालत होती.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कोल्हापुरात चौकाचौकांत फ्लेक्स नुकते चढायला लागले होते. आमच्या दुकानाचे मालक, म्हणजे चाचा, आधी ब्रशनं पाट्या रंगवायचे. पाट्यांचं काम बसलं तसा त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि त्याच्यापुढं मला बसवलं. वाढदिवसाच्या फ्लेक्सची रीत ठरलेली. ज्याचा वाढदिवस तो दादा मधोमध, छातीपर्यंत, गॉगलसकट. खाली शुभेच्छुक, मानाप्रमाणं लहान लहान होत गेलेले. पाकिटातून फोटो यायचे आणि प्रत्येकाच्या मागं पेनानं लिहिलेलं असायचं: मोठा, मधला, बारका. ते लिहिलेलं मोडायचं नाही, एवढा एकच नियम चाचांनी मला घालून दिला होता.

मला त्या दुकानातून सुटायचं होतं. रोज वीस गॉगल बघून माझं डोकं फिरायचं. समोरच्या नेट कॅफेत बसून परदेशातल्या कामांसाठी अर्ज करता येतात हे कळलं, तसा मी दुपारच्या सुट्टीत तिथं जाऊन बसायला लागलो. कॅफेच्या कॉम्प्युटरवर अर्जाचा एक मजकूर कुणीतरी ठेवलेला होता. आदरणीय महोदय, मी मेहनती व प्रामाणिक आहे, एक संधी द्यावी. उचगावपासून शिरोळपर्यंतची पोरं तिथं यायची आणि खाली आपापलं नाव टाकून तोच मजकूर पाठवायची. मीही पाठवला, चाळीसेक वेळा. एकाही माणसानं साधं ‘नाही’देखील कळवलं नाही. कळवणार तरी कसं, आम्ही सगळे एकच माणूस दिसत असणार. मला स्वतःची किळस आली.

म्हणून ठरवलं, आपल्या हातचा एक अस्सल नमुना करायचा आणि तोच अर्जाला जोडायचा. चाचा बोर्ड चढवायला दोन दिवसांसाठी बिद्रीला गेले होते, तेवढ्यात एका दादाच्या वाढदिवसाची ऑर्डर आली. मी पाकीट उघडलं, फोटो काढले आणि मागचं काहीही वाचलं नाही. चोवीस चेहरे, सगळे एका मापाचे, सरळ ओळींत, भोवती मोकळी पांढरी जागा. दादाही त्याच मापाचा, फक्त वरच्या ओळीत एकटा. छापून झाल्यावर मी त्याच्यापुढं उभा राहिलो आणि माझा ऊर खरंच भरून आला. तसला फ्लेक्स गावात कुणी केला नव्हता.

सकाळी तो चौकात लागला आणि दुपारी तिघे दुकानात आले. त्यांनी आधी काच फोडली, मग मॉनिटर उचलून जमिनीवर घातला.

"जागा का रिकामी सोडलीस रं? पैसं पुऱ्या मापाचं घेतलंस न्हवं?" एक जण म्हणाला.

त्यांतल्या सगळ्यात जोरात मारणाऱ्याचं दुखणं मात्र वेगळंच होतं. त्याच्या फोटोमागं 'बारका' लिहिलेलं होतं, हे मी नंतर पाकीट उलटून पाहिलं. त्याच्या जन्मात पहिल्यांदाच कुणी त्याचा चेहरा दादाएवढा केला होता.

"दादा आनि मी सारखं व्हय रं?" तो ओरडत होता. "दादाला काय तोंड दाखवू मी?" मग त्यानं माझा उजवा हात टेबलावर दाबून धरला. "ह्याच हातानं केलंस न्हवं?" पट्टी खाली आली आणि मधल्या बोटातून आवाज आला.

संध्याकाळी चाचा परतले. त्यांनी काच बघितली, मॉनिटर बघितला आणि माझ्या कानाखाली जाळ काढला. मग स्वतःच रिक्षा बोलावून मला हाडांच्या डॉक्टरकडं नेलं. तिथं आम्ही सांगितलं, बोट शटरमध्ये सापडलं. रिक्षात परत येताना ते म्हणाले, "बाळा, लोक फ्लेक्स बघाय येत न्हाईत, आपलं माप बघाय येत्यात."

मॉनिटर फुटला तरी फ्लेक्सची फाइल वाचली होती; चौथ्या दिवशी ती सीडीवर घेऊन मी प्लास्टरसकट कॅफेत गेलो. अंगात नुसती आग होती. तो ठेवलेला मजकूर उघडलाच नाही. डाव्या हाताच्या एका बोटानं, माझ्या दहावीच्या इंग्रजीत लिहिलं: मी चेहरे मापात बसवतो. एकदा सगळे सारखे केले म्हणून माझं बोट मोडलं. त्या फ्लेक्सची फाइल सोबत जोडली आहे. हे डाव्या हातानं लिहितो आहे, काम मात्र वेळेत देईन.

दोन दिवसांनी उत्तर आलं. परदेशातला एक पोहण्याचा क्लब होता, मुलांचं आणि शिक्षकांचं पोस्टर हवं होतं. बाकीच्या अर्जांत सगळे नुसते मेहनती आहेत, काम तुम्ही करा, असं तिथल्या एका बाईंनी लिहिलं होतं. सगळे चेहरे सारखे ठेवा, शिक्षकांचेसुद्धा. मी कॅफेतच रडलो.

ते पोस्टर छापून मी दुकानात लावलं. काही महिन्यांनी तो बारका एकटाच आला आणि पोस्टरपुढं उभा राहिला.

"ह्यात मोठा कोण?"

"कोणच न्हाय."

"आनि चालतंय त्यास्नी?"

"चालतंय की."

मग तो माझ्याकडं न बघता हळू आवाजात म्हणाला, "पावणं, माझा त्यो फोटो हाय काय अजून? त्या फ्लेक्सवरला. घरात लावतो म्हंतो."

त्याला तिथंच तुडवावंसं वाटलं. मूठ वळायला गेलो, पण मधलं बोट वळत नाही, अजूनही वळत नाही. फाइल माझ्याकडं होती, शोधायला एक मिनिटही लागलं नसतं.

"न्हाय," मी म्हणालो.

"बरं," म्हणून तो पायऱ्या उतरून गेला. ती फाइल मी अजून पुसलेली नाही.