डिंभे ते वारूळवाडी: दोन खोल्यांच्या शोधात

डिंभ्याहून सकाळची एसटी वेळेवर सुटली, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. दिवसाची सुरुवात इतकी चांगली झाली की पुढे काय होणार, हे आमच्याकडे शेळीलाही कळतं.

नारायणगावात माती-पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली होती. सोमवारी सकाळी आठला हजर. आठला आमची एसटी कुठे असते हे तिच्या ड्रायव्हरलाही सांगता येत नाही. म्हणून आज, शनिवारी, खोली मिळाली नाही तर नोकरी गेलीच. निघताना वडिलांनी बीएस्सीच्या प्रमाणपत्राची फाइल हातात दिली. "दाखव. घरात पयली ग्रॅज्युएट हाय म्हणावं." घरमालक प्रमाणपत्र बघून दार उघडतात, अशी त्यांची समजूत.

मंचरला वडाप (माणसं मावेनाशी झाल्यावरही आणखी दोघांची वाट बघणारी जीप) धरलं. नारायणगावापर्यंत माझ्या मांडीवर कुणाची तरी कोथिंबीर आणि कोथिंबिरीवर माझी फाइल, असा उच्चशिक्षित प्रवास झाला.

स्टँडवर एजंट भेटला, बाळूभाऊ. त्याने आधी हायवेलगतची नवी इमारत दाखवली. गेटवर 'फ्लॅट भाड्याने देणे आहे' अशी पाटी. मालकांनी नोकरी विचारली, खूश झाले, चहा मागवला. मग आडनाव विचारलं.

"साळवे."

"म्हंजे कुठले साळवे?"

"डिंभ्याचे. बौद्ध."

चहा यायच्या आत फ्लॅट गेला. "अरे हां, कालच दिला की एकाला. ध्यानातच न्हाई राह्यलं."

"मग पाटी काढा," मी म्हटलं. "शिकलेली माणसं उगाच वाचतात."

खाली आल्यावर बाळूभाऊ हळहळला. "ताई, आडनाव जरा गाळायचं व्हतं."

"पंधरा वर्षं हजेरीत तेच ऐकून पास झाले, भाऊ. आता कशाला गाळू?"

दुसऱ्या मालकाला माझ्या आडनावाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त टोमॅटोशी होतं. सीझनला बाहेरचे व्यापारी इथे मुक्कामाला येतात आणि सांगेल ते भाडं देतात. त्याने फोन करून आधी क्रेटचा आजचा भाव विचारला, मग मला भाडं सांगितलं. ते माझ्या पगाराहून जास्त होतं.

"भाव पडला की या," तो म्हणाला.

"म्हणजे शेतकऱ्याचं वाटोळं झालं की मला घर?"

"तसं न्हाई ओ मॅडम... पन तवाच जमंल."

दुपारी मिसळ खाल्ली. तर्री इतकी तिखट की डोळ्यांत पाणी आलं. निदान कारण तरी सांगता आलं.

बाळूभाऊचा उत्साह आता संपला होता. शेवटचं म्हणून त्याने वारूळवाडीत द्राक्षबागेच्या कडेचं एक घर दाखवलं. माडीवर दोन खोल्या, मालकीण सोजरआक्का. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं, "साळवे. बौद्ध. डिंभ्याची. एकटी राहणार. काय ते आत्ताच सांगा, चहा वाया नको."

"बया! लई फटकळ गं तू. डिंभ्याची म्हंजे धरणापाशी?"

"हो. वडील शेती करतात, मासेही धरतात."

आक्कांनी ओसरीवर पेपर वाचणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आमचं मालक माळकरी. लगीन झाल्यापास्नं ह्या घरात मासा शिजला न्हाई. माह्यारी रोज असायचा गं. वर तुजा गॅस असंल ना?"

"असेल."

"मंग तुज्या गॅसवर शिजलं तर माज्या चुलीचा काय संबंध?"

"भाडं किती?"

"झेपंल तेवढं दे. पन उद्या येताना चिलापी (धरणातला मासा) आन."

ओसरीवरून प्रश्न आला, "कोन हाय गं पोरगी?"

"ग्रॅज्युएट हाय!" आक्का ओरडल्या.

दिवसभरात माझ्या पदवीचा उपयोग झाला तो एवढाच, माशावर झाकण म्हणून.

परतीची एसटी दीड तास उशिरा आली. जिवाला बरं वाटलं. जग ताळ्यावर होतं.

रविवारी वडिलांनी चार चिलापी डब्यात भरल्या. हकीकत ऐकून ते पोट धरून हसले होते. डबा पिशवीत फाइलवर ठेवायला गेले, तेवढ्यात मी फाइल ओढून काखेत धरली.

"अगं, खोली माशांनीच दिली ना?" ते म्हणाले.

"दिली. पण दर महिन्याचं भाडं हिच्याच जिवावर भरायचंय."